पोट दाबल्यावर दुखतंय: थांबवायचं कुणाला आणि लगेच पाठवायचं कुणाला?

उपकेंद्र_जतपूर्व

नमस्कार. जत तालुक्याच्या पूर्व टोकाकडच्या आशाताईंसाठी एक तासाचं प्रशिक्षण तयार करते आहे. विषय एकच. ‘पोट दाबल्यावर दुखतंय’ असं म्हणणारा माणूस समोर आला, तर पहिल्या दहा मिनिटांत काय बघायचं आणि काय ठरवायचं.

मुख्य अडचण अंतराची आहे. उमदी-संख भागातून मिरज किंवा सांगली गाठायला दोन-तीन तास जातात, सीमेलगतच्या काही गावांना तर विजापूरच जवळ. साध्या गॅसला मिरजेला धाडलं तर घरच्यांचा रोज बुडतो, गाडीभाडं जातं, आणि पुढच्या वेळी ते आशाताईचं ऐकत नाहीत. उलट ज्याला रात्रीच हलवायला हवं होतं त्याला ‘सकाळी बघू’ म्हटलं, तर सकाळपर्यंत तो हाताबाहेर गेलेला असतो. शिवाय इकडे पुष्कळ घरांत कन्नड चालतं. ‘होट्टे नोवु’ म्हटलं की त्यात कळ, मुरडा, जळजळ, दाबल्यावरचं दुखणं सगळंच आलं. म्हणून शब्दांपेक्षा डोळ्यांनी आणि हाताने कळेल असं काही हवं आहे.

आशाताईंकडे थर्मामीटर, ओआरएस, पॅरासिटामॉल आणि निश्चय किट (लघवीवरून गर्भ राहिलाय का ते बघायचं) असतं. उपकेंद्रात बीपी, ग्लुकोमीटर आणि लघवी तपासायच्या पट्ट्या आहेत. सोनोग्राफी नाही.

विचारायचं आहे ते असं: पोट दाबून बघायचं का, आणि बघायचं तर कसं? दुखण्याच्या जागेवरून अंदाज कितपत बांधावा? गोळी द्यावी की नाही? आणि कोणत्या खुणा दिसल्या की बाकी काही न बघता 108 ला फोन करायचा?

---

शस्त्रक्रिया_मिरज

ताई, सगळ्यात आधी आशाताईंना ‘पोट दुखणं’ आणि ‘पोट दाबल्यावर दुखणं’ यांतला फरक पक्का करून द्या. बाकीचं त्यावर उभं आहे.

आतडं, पित्ताची नळी, मूत्रनळी हे पोकळ अवयव. त्यांत काही अडकलं की ते पिळवटतात आणि कळ येते. कळ चढते, उतरते, पुन्हा येते. असा माणूस एका जागी थांबत नाही, उठतो, बसतो, कुशी बदलतो, फेऱ्या मारतो. हात लावाल तर पोट बहुतेक वेळा मऊच लागतं. पोटाच्या आतून एक पातळ अस्तर असतं. त्या अस्तराला सूज आली, किंवा आतली घाण, पू, रक्त त्याला लागलं, की दुखणं एका जागी ठाण मांडतं. आता हलणं नको होतं. माणूस गुडघे वर घेऊन गप्प पडून राहतो, श्वासही वरवरचा घेतो. जीप खड्ड्यात आदळली की कळवळतो. मुतखड्याचा रोगी खाटेवर ठरत नाही आणि अल्सर फुटलेला रोगी खाटेवरून हलत नाही, एवढं त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं तरी पुष्कळ झालं.

आता तपासणी. उताणं झोपवा, गुडघे वाकवून घ्या, परकराची नाडी किंवा पायजमा सैल करा. आधी नुसतं बघा. श्वासाबरोबर पोट वरखाली होतंय का? मग म्हणा, ‘जरा खोका बघू, आणि दुखलं तिथं एक बोट ठेवा.’ खोकल्यावर चेहरा आक्रसला आणि बोट नेमकं एका जागी गेलं, तर अस्तराला सूज आहे असं धरून चाला. सगळं पोट तळव्याने चोळून ‘इथं सगळीकडंच’ म्हणणाऱ्याची गोष्ट बहुधा वेगळी असते. अर्थात आतडं फुटून पू सगळीकडे पसरला असेल तरी दुखणं सगळीकडेच असतं, पण तो माणूस पोट चोळून घेत नाही, हातही लावू देत नाही.

मग हात. थंड हात नको, दोन्ही तळवे घासून ऊब आणा. दुखऱ्या जागेपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात सुरुवात करा आणि दुखरी जागा शेवटी. बोटांची टोकं रुतवायची नाहीत, चारही बोटं सपाट ठेवून एक-दोन सेंटीमीटर दाबायचं. नजर आपल्या हाताकडे नको, रोग्याच्या चेहऱ्याकडे हवी. भुवई आधी हलते, तोंडातून ‘आई गं’ नंतर येतं.

पोट हाताखाली कडक लागलं तर लगेच घाबरू नका. गुदगुल्या, संकोच, भीती यांनीही माणूस पोट आवळतो. गप्पा मारा, ‘गायी किती, ऊस कधी जाणार’ विचारा, तोंडाने सावकाश श्वास सोडायला सांगा. श्वास सोडताना पोट सैल पडलं तर ती भीती होती. श्वास पूर्ण सोडल्यावरही फळीसारखं टणक राहिलं तर पुढचं काही तपासू नका, 108 ला फोन करा.

दाबून झटकन हात सोडायची पद्धत पुस्तकात असते. ती आशाताईंना शिकवू नका. फार दुखते, आणि खोकल्याच्या तपासणीतून जवळपास तेवढंच कळतं.

आणखी दोन गोष्टी बहुतेक वेळा राहून जातात. एक म्हणजे जांघ. म्हाताऱ्या बाईच्या जांघेत लिंबाएवढी गाठ असते, लाजेने ती सांगत नाही, आणि दोन दिवस उलट्या होत राहतात. तो अडकलेला हर्निया असतो. आत न जाणारी, दुखरी, टणक गाठ दाबून आत ढकलायची नाही, सरळ पाठवायची. दुसरी गोष्ट पोटाच्या भिंतीची. झोपूनच डोकं आणि खांदे थोडे उचलायला सांगा आणि त्या अवस्थेत दुखरी जागा पुन्हा दाबा. दुखणं वाढलं तर ते बहुधा स्नायूचं. मोळ्या उचलणाऱ्या ऊसतोड मजुरांत हे पुष्कळ दिसतं. दुखणं कमी झालं तर ते आतलं. कंबरेपासून पुढे एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग होत असेल, नुसत्या कापडाचा स्पर्श सोसवत नसेल, तर नागीण उठायची सुरुवात असू शकते. पुरळ दोन-चार दिवसांनी दिसतो.

अपेंडिक्स. बेंबी आणि उजव्या बाजूला कंबरेचं पुढे आलेलं हाड यांना जोडणारी रेघ मनात ओढा. तिचे तीन भाग करा. हाडाकडचा एक भाग जिथे संपतो ती जागा. दुखणं सुरू होतं बेंबीभोवती, गोल, नेमकं सांगता न येणारं, आणि 12 ते 24 तासांत या जागी येऊन बसतं. भूक पार मरते. क्रम महत्त्वाचा आहे: आधी दुखणं, मग उलटी. आधी उलट्या-जुलाब आणि मग दुखणं असेल तर साध्या जुलाबाचा संशय जास्त. पण अपेंडिक्स आतड्यामागे लपलेलं असलं तर पुढून दाबल्यावर फारसं दुखत नाही. ओटीपोटात खाली लोंबत असलं तर थोडी थोडी पातळ शी आणि लघवीला जळजळ होते आणि सगळे फसतात. सोनोग्राफीत दिसलं नाही म्हणजे नाहीच, असंही नाही. आणि हे ठळक अक्षरांत लिहा: दीड-दोन दिवस दुखून अचानक बरं वाटलं आणि काही तासांत सगळं पोट दुखायला लागलं, ताप चढला, तर अपेंडिक्स फुटलेलं असू शकतं. मधल्या त्या बऱ्या वाटण्याने घरचे निर्धास्त होतात.

अल्सर फुटणं. रोगी वेळ सांगतो. ‘चहा घेऊन उठलो आणि सुरी खुपसल्यासारखं झालं.’ बेंबीच्या वर सुरू होतं, मग सगळीकडे. कधी खांद्याचं टोक दुखतं. गुडघेदुखीच्या गोळ्या रोज घेणारी वयस्कर माणसं यात पुष्कळ असतात.

उजवी बरगडी. बरगडीखाली बोटं ठेवून खोल श्वास घ्यायला सांगा. श्वास अर्ध्यावर अडला तर पित्ताशय. कळ सहा तासांहून जास्त टिकली, ताप आला, डोळे पिवळे झाले तर थांबायचं नाही. ताप, थंडी आणि दोन बरगड्यांच्या मधल्या खाचेत बोट दाबल्यावर दुखणं, विशेषतः दारू पिणाऱ्या पुरुषात, हे यकृतातल्या गळवाचं लक्षण आहे. दूषित पाण्यातून आलेला अमिबा तिथे पोचलेला असतो.

एक धोक्याची सूचना. सत्तरी ओलांडलेली माणसं, जुने मधुमेही आणि स्टिरॉइड घेणारे यांचं पोट खोटं बोलतं. आत पू असतो आणि वरून मऊ लागतं. म्हातारा माणूस वेदनेने विव्हळतोय आणि पोट मात्र दाबल्यावर मऊ, फार न दुखणारं, असं विजोड दिसलं तर आतड्याचा रक्तपुरवठा बंद पडलेला असू शकतो. नाडी अनियमित असेल तर संशय आणखी वाढतो. तिथे दुखणं जास्त आणि तपासणीत सापडतं कमी, हीच खूण.

---

उपकेंद्र_जतपूर्व

सर, खूप आभार. खोकल्याची तपासणी लगेच घेते. एक राहिलं. ‘बेंबी सरकली’ म्हणून पोट चोळून घेणं गावोगावी आहे. मान हलवून नाही म्हटलं तर लोक दुरावतात. काय सांगावं?

---

शस्त्रक्रिया_मिरज

नाही म्हणू नका, क्रम बदलायला सांगा. ‘आधी खोकून बघू, ताप बघू, मग चोळायचं ते ठरवू.’ खोकल्यावर दुखत नसेल, ताप नसेल, उलटी नसेल, पोट मऊ असेल तर हलक्या हाताने तेल लावल्याने नुकसान नाही. पण खोकल्यावर एका जागी टोचत असेल तर चोळणं, बेंबीवर तांब्या लावणं, पोटावर उभं राहणं यातलं काहीही नको. सुजलेल्या अपेंडिक्सभोवती चरबीची झालर गुंडाळून शरीर पू एका जागी धरून ठेवतं. चोळल्याने ती वेसण सुटते आणि पू सगळीकडे पसरतो. असं समजावून सांगितलं की चोळणारी म्हातारीही ऐकते, कारण तिलाही रोगी बराच करायचा असतो. एरंडेल आणि एनिमा यांचंही तेच. आतडं अडलेलं किंवा सुजलेलं असताना जुलाबाचं औषध म्हणजे आतून धक्का मारणं.

---

स्त्रीरोग_कराड

सरांनी अपेंडिक्सची जागा सांगितली. बाईच्या बाबतीत त्याच जागेच्या दोन बोटं खाली बीजांडकोश आणि गर्भनलिका आहेत, म्हणून माझी एकच विनंती: 12 ते 50 वयातल्या प्रत्येक बाईला, मुलीला, ओटीपोट दुखत असेल तर शेवटची पाळी कधी आली ते विचारा आणि निश्चय किटने लघवी तपासा. लग्न झालंय का, नसबंदी झालीय का, तांबी बसवलीय का, यावर ठरवू नका. नसबंदीनंतर किंवा तांबी असतानाही गर्भ राहिला तर तो नळीत असण्याची शक्यता उलट जास्त असते. मुलीशी बोलताना सासूला, आईला बाहेर बसवा. हे जमलं नाही तर उत्तर खरं मिळत नाही.

गर्भनलिकेतला गर्भ बहुधा पाळी चुकल्यावर दोन ते चार आठवड्यांत, म्हणजे शेवटच्या पाळीपासून सहा ते आठ आठवड्यांत त्रास देतो. एका बाजूला दुखतं, थोडा काळपट रक्तस्राव होतो, तो पाळीच समजला जातो. नळी फुटली की पोटात रक्त साचतं. मग चक्कर, घाम, उठून बसल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, आडवं झाल्यावर खांद्याच्या टोकाला दुखणं, शौचाला लागल्यासारखं वाटणं. पोट तेव्हा फारसं कडक नसतंही. किट दोन रेघा दाखवतंय आणि ओटीपोट एका बाजूला दुखतंय, एवढ्यावर पाठवा. खांदादुखी आणि चक्कर यांची वाट बघू नका. चिठ्ठीत ‘पाळी चुकून अमुक दिवस, किट पॉझिटिव्ह’ असं पहिल्या ओळीत लिहा, म्हणजे पोचल्यावर वेळ जात नाही.

बीजांडकोशाला पीळ पडला तर दुखणं एकदम सुरू होतं, एका बाजूला, उलट्यांसकट, आणि मधूनमधून सैल पडतं. सैल पडलं म्हणून पीळ सुटला असं नाही. दोन्ही बाजूंना सारखं दुखणं, ताप, अंगावरून वास येणारं पाणी हे जंतुसंसर्गाचं लक्षण. ते त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

गरोदरपणात 20 आठवड्यांनंतर बेंबीच्या वर किंवा उजव्या बरगडीखाली दाबल्यावर दुखलं, तर ‘पित्त झालंय, थंड दूध घे’ म्हणण्याआधी बीपी मोजा. 140/90 किंवा वर असेल, सोबत डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं असेल तर ते यकृतावरचं दुखणं आहे आणि पुढे झटके येऊ शकतात. बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांतही हे होतं, तेव्हा बीपी कुणी मोजतच नाही. पोट एकदम दगडासारखं घट्ट होऊन सैलच पडेना, बाळ हलेनासं झालं, तर वार सुटत असेल, मग रक्त बाहेर दिसो किंवा न दिसो. हे सगळं 108 चं काम. बाळंतिणीला ताप, ओटीपोट दुखरं आणि स्रावाला घाण वास असेल तरी त्याच दिवशी पाठवा.

---

औषधे_तासगाव

गोळीबद्दल विचारलंय म्हणून दुकानाच्या बाजूने लिहितो. ‘पोटदुखीची द्या’ म्हटलं की जी गोळी सर्रास दिली जाते, तिच्यात बहुधा डायसायक्लोमिन आणि मेफेनॅमिक ॲसिड असतं. डायसायक्लोमिन आतड्याची हालचाल मंद करतं. पाळीच्या कळांना, मुरड्याला आराम पडतो हे खरं. पण पोट फुगलंय, गॅस सरत नाही, उलट्या होतायत अशा अडलेल्या आतड्यात ते नको. सहा महिन्यांखालच्या बाळाला तर मुळीच नको. मेफेनॅमिक, डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या एका कुळातल्या गोळ्या. जठराच्या अस्तराला त्या इजा करतात, आणि डेंग्यूत रक्तस्राव वाढवू शकतात. पोटाच्या वरच्या भागात दुखणाऱ्याला ही गोळी देणं म्हणजे अल्सर असेल तर त्यावर आणखी मारा.

दुसरी सवय जास्त नुकसान करते, ती म्हणजे ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडॅझोल या जंतुनाशकाच्या दोन-तीन गोळ्या. अपेंडिक्सची सूज त्याने अर्धवट दबते, ताप उतरतो, दुखणं कमी होतं आणि चार-पाच दिवसांनी गळू होऊन येतं. तोवर ऑपरेशन अवघड झालेलं असतं.

‘दुखणं दबलं की डॉक्टरांना निदान होत नाही’ ही जुनी समजूत आता सोडायला हरकत नाही. रुग्णालयात तपासून डॉक्टर वेदनाशामक देतात, त्याने निदान चुकत नाही. धोका गोळीत नसतो, गोळी घेऊन घरी बसण्यात असतो. म्हणून पाठवायचं ठरलं असेल आणि माणूस फार कळवळत असेल, तर प्रौढाला पॅरासिटामॉल 650 मिलिग्रॅम दोन घोट पाण्यासोबत चालेल. मुलांना वजनाच्या दर किलोला 15 मिलिग्रॅम. दारू पिणाऱ्याला, कावीळ असलेल्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

रोगी आधीच काही घेऊन आला असेल तर पाकीट सोबत द्या. नाव आठवत नसेल तरी रिकामी पट्टी पुरते. आणि गुडघेदुखीवर पुडीत मिळणारी बिननावाची पावडर घेतो का, ते मुद्दाम विचारा. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. सरांनी म्हटलेलं ‘खोटं बोलणारं पोट’ तिथून येतं.

---

फिजिशियन_शिराळा

पोट दुखतं आणि रोग पोटात नसतो, अशी काही दुखणी आपल्या भागात नेहमीची आहेत. प्रशिक्षणात त्यांना दहा मिनिटं तरी द्या.

पहिली मण्यार. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला धडधाकट माणूस पहाटे पोटदुखीने उठतो, एक-दोन उलट्या होतात. पोट दाबलं तर मऊ. मण्यारीचा दंश दुखत नाही, सूज येत नाही, दाताच्या खुणा बहुतेक वेळा सापडतही नाहीत. ‘काही चावलं का’ विचारलं तर नाही म्हणतो, आणि ते खोटं नसतं. म्हणून पहाटेच्या पोटदुखीत पोट सोडून चेहऱ्याकडे बघा. उजेड धरा, डोकं न हलवता वर बघायला सांगा आणि मिनिटभर नजर तशीच ठेवायला सांगा. पापण्या हळूहळू खाली येतायत का? एकाचे दोन दिसतात का? थुंकी गिळता येते का? एका दमात वीसपर्यंत मोजता येतं का? यातलं एकही चुकलं तर सापाच्या विषावरची लस आणि कृत्रिम श्वासाची सोय असलेल्या ठिकाणी धाडा. आधीच कळवा, म्हणजे यंत्र तयार राहतं. वाटेत कुशीवर झोपवा. मांत्रिकाकडे थांबलेला अर्धा तास श्वास बंद पडायला पुरतो. पापण्या ठीक असल्या तरी संशय असेल तर एकदा बघून सोडू नका, दर अर्ध्या तासाने पुन्हा बघा आणि दाखल होण्याचीच तयारी ठेवा.

दुसरा डेंग्यू. तापाच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो आणि घरचे सुटकेचा श्वास सोडतात. नेमकं तेव्हाच पोट दुखायला लागलं, दाबल्यावर दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, माणूस मलूल झाला तर रक्तवाहिन्यांतलं पाणी बाहेर झिरपतंय. त्याला त्याच दिवशी दाखल करायचं.

कृष्णा-वारणेच्या पुरानंतर, जसं 2019 आणि 2021 ला झालं, चिखलात काम केलेल्यांत ताप, पोटदुखी, लाल डोळे आणि पोटऱ्या दाबल्यावर जीव जाणं हे लेप्टोस्पायरोसिसचं चित्र. पोट दाबून झालं की पोटरी दाबून बघायला दोन सेकंद लागतात.

द्राक्षपट्ट्यात फळछाटणीनंतर फवारण्यांचा जोर असतो. मुरडा, उलटी, जुलाब, तोंडातून लाळ, घाम आणि टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या दिसल्या तर ते औषध अंगात भिनलंय. कपडे काढा, साबणाने अंग धुवा, धुणाऱ्याने हातमोजे किंवा प्लॅस्टिकच्या पिशव्या घालाव्यात. औषधाची बाटली सोबत द्या.

साखर प्रत्येकाची बघा. पोटदुखी, उलट्या, खोल भरभर श्वास आणि ग्लुकोमीटरवर 250 च्या वर किंवा ‘हाय’ आलं तर ते पोटाचं नाही, रक्तात आम्ल साचलंय. मुलांमध्ये मधुमेहाची पहिली ओळख कधीकधी अशीच होते. आणि चाळिशी ओलांडलेला, तंबाखू खाणारा, मधुमेही माणूस ‘छातीच्या खाली, पोटाच्या वर दाटतंय’ म्हणाला, घाम सुटला, तर सोडा-लिंबू नको, ईसीजी हवा. सोडा पिऊन ढेकर आला आणि बरं वाटलं, याने हृदयविकार नाही असं सिद्ध होत नाही.

---

बालरोग_सातारा

मुलांचं थोडक्यात. लहान मूल कुठेही दुखलं तरी बेंबीवर बोट ठेवतं, म्हणून जागेवर जाऊ नका. पाच वर्षांखालचं अपेंडिक्स ओळखेपर्यंत पुष्कळदा फुटलेलं असतं. झोपवून दाबण्यापेक्षा उड्या मारायला सांगा. दोन पायांवर हसत उड्या मारणाऱ्या मुलाच्या पोटात अस्तराची सूज असण्याची शक्यता फार कमी. वाकून, उजवा पाय जपत चालणारं मूल मात्र पाठवायचं.

सहा महिने ते दोन-तीन वर्षांचं बाळ दर पंधरा-वीस मिनिटांनी पाय पोटाशी घेऊन किंचाळतं, मध्ये शांत, फिकट, मलूल पडतं. हा आतड्यात आतडं शिरल्याचा प्रकार. शेंबडात कालवलेल्या रक्तासारखी लाल शी उशिरा दिसते, तिची वाट बघायची नाही. नवजात बाळाची हिरवी उलटी पोट मऊ असलं तरी तातडीची.

मुलाची चड्डी खाली करून बघाच. अंडाला पीळ पडलेला मुलगा लाजून ‘पोट दुखतंय’ म्हणतो. सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर अंड वाचण्याची शक्यता चांगली असते, पुढे ती झपाट्याने कमी होते. जतच्या पूर्व टोकाकडून येताना यातले दोन-तीन तास रस्त्यातच जातात. श्वासही मोजा. एक ते पाच वर्षांच्या मुलात मिनिटाला 40 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळात 50 किंवा जास्त, दोन महिन्यांखालच्या बाळात 60 किंवा जास्त आणि सोबत खोकला-ताप असेल तर न्यूमोनिया पोटदुखीचं सोंग घेऊन आलेला असू शकतो.

नेहमीचं कारण बद्धकोष्ठ. डाव्या बाजूला खाली दोरीसारखं लागतं, ताप नसतो, शी झाली की मूल खेळायला लागतं. पोटावर डाग देण्याची रीत कुठे अजून असेल तर ती थांबवा. त्याने पोट बरं होत नाही, भाजल्याची जखम तेवढी वाढते.

---

रुग्णवाहिका_108

फोन करताना ‘पोट दुखतंय’ एवढंच सांगू नका. ‘पोट टणक आहे, नाडी 120, बीपी 90’ असं सांगा. वय, गावातली ओळखीची खूण, आणि डांबरी रस्त्यापर्यंत रोग्याला आणता येतं का, तेही. गाडी येईपर्यंत, गोळीपुरते दोन घोट पाणी सोडलं तर, तोंडाने काही नको, चहा नको, ‘थोडी पेज’ पण नको. भूल देण्याआधी जेवणानंतर सहा तास जावे लागतात. ओठ कोरडे पडले तर ओल्या फडक्याने पुसा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेतलेल्या उपाशी माणसाची साखर मात्र बघत राहा, 70 खाली गेली तर गालाच्या आत साखर चोळा आणि गाडीतल्या डॉक्टरांना सांगा.

उताणं, गुडघ्याखाली उशी. उलटी होत असेल तर कुशीवर. अपघात, झाडावरून पडणं किंवा बैलाची धडक झालेली असेल तर वरून एक ओरखडा नसला तरी चालवत आणू नका. डाव्या बरगडीखाली दुखरं आणि डावा खांदा दुखतोय म्हणजे प्लीहेतून रक्त जात असेल. आधी बरं असलेला असा रोगी काही तासांनी अचानक पांढरा पडतो.

रेशनकार्ड आणि आधार मिळालं तर घ्या. महात्मा फुले योजनेसाठी रुग्णालयात आरोग्यमित्र भेटतो. पण कागद शोधायला गाडी थांबवू नका, ते मागून येतात.

---

उपकेंद्र_जतपूर्व

सगळ्यांचे मनापासून आभार. आता फक्त एक. ज्याला घरी ठेवायचं ठरवलं, त्याला पुन्हा कधी बघायचं?

---

शस्त्रक्रिया_मिरज

घरी तोच ठेवायचा, ज्याला ताप नाही, पोट मऊ आहे, खोकल्यावर दुखत नाही, पाणी पोटात टिकतं, लघवी-गॅस होतोय, नाडी शंभरच्या आत आहे, आणि बाई असेल तर किट निगेटिव्ह आहे. पहिल्यांदा तपासलं तेव्हा दुखऱ्या जागेवर पेनाने फुली मारा, शेजारी वेळ लिहा. सहा तासांनी त्याच आशाताईने, तशाच पद्धतीने पुन्हा दाबायचं. हात बदलला की तुलना बिघडते. फुली सरकली, खाली उजवीकडे गेली, पसरली किंवा पहिल्यापेक्षा जास्त दुखली तर पाठवा. तशीच राहिली तर बारा तासांनी पुन्हा. चोवीस तासांत दुखणं गेलं नाही तर जतच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवायचं, मग पोट कितीही मऊ असो.

रात्र पडायच्या आत निर्णय घ्या. दुपारी चारला शंका असेल आणि सहा तासांनी रात्रीचे दहा वाजणार असतील, तर ती तपासणी घरी नको, मिरजेत किंवा जतमध्ये होऊ दे. सत्तरीपुढचे, गरोदर बाया आणि पाच वर्षांखालची मुलं यांना फुली मारून घरी ठेवायचं नाही. त्यांना आधी डॉक्टरांनी बघायचं, मग घरी.

चिठ्ठीवर एवढं लिहा: दुखणं कुठे आणि किती वाजता सुरू झालं, आता कुठे आहे, खोकल्यावर दुखतं का, उलटी आधी की दुखणं आधी, शेवटची पाळी, साखर, बीपी, नाडी, ताप, शेवटचं खाणं किती वाजता, कोणती गोळी किती वाजता घेतली. मागच्या बाजूला नातेवाइकाचा फोन.